मुष्टिफंड आणि मास्तरांचा पगार

आमच्या श्रीरामपुरात 'बोरावके कॉलेज' म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. रयत शिक्षण संस्थेचं हे कॉलेज 1960 चं, आणि नाव एका बागायतदाराचं. आपल्याकडे शाळा-कॉलेजं लोकांच्या पैशातून उभी राहिली, हे पाटीच सांगते.

रयत सुरू झाली 1919 मध्ये, कराडजवळच्या काले गावी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घरोघरच्या बाया मूठभर धान्य बाजूला काढायच्या. हाच मुष्टिफंड. 1948 मध्ये मुंबई सरकारने रयतचं अनुदान थांबवलं, तेव्हाही लोकांनीच संस्था तारली.

ही गोष्ट सांगून काहीजण म्हणतात, "बघा, सरकारशिवाय चालतं की!" मला ते पटत नाही. मुठीतून पोरांचं जेवण निघतं. मास्तरांचा दरमहाचा पगार निघत नाही.

2001 मध्ये राज्यात नव्या शाळांसाठी 'कायम विनाअनुदानित' धोरण आलं. 2009 ला 'कायम' शब्द गेला, 2016 पासून 20 टक्के अनुदानाचा टप्पा सुरू झाला. मधल्या वर्षांत मास्तर शाळा सुटली की शेतात नाहीतर शिकवणीला. चांगली नोकरी मिळाली की गणिताचे सर गेलेच. नुकसान त्या वर्गातल्या पोरांचं.

इमारत कुणी बांधली, ते पाटीवर लिहिलेलं असतं. आपल्या शाळेत पगार कोण देतं आणि वेळेवर देतं का, हे एकदा विचारून बघा.