मोजलेले घोडेस्वार

करवीरच्या इतिहासात मला लढायांपेक्षा तहांची कलमे अधिक बोलकी वाटतात. १८१२च्या तहात छत्रपतींनी कंपनी सरकारच्या संमतीवाचून परराज्याशी लढाई न करण्याचे कबूल केले. पुढे बावासाहेब महाराज कागलवर चालून गेले. मग १८२७च्या तहात थेट आकडाच आला: घोडेस्वार ४००, पायदळ ८००, किल्ल्यांवरची शिबंदी वेगळी. शिवाय कोल्हापुरात आणि पन्हाळ्यावर इंग्रजी फौज बसली.

गंमत म्हणजे असेच बंधन कंपनीवरही होते. पार्लमेंटच्या १७८४च्या कायद्याने गव्हर्नर जनरलला संचालकांच्या हुकुमावाचून युद्ध पुकारायला मनाई केली होती, आणि १७९३ साली ती पुन्हा घातली. पण शत्रू हल्ल्याच्या तयारीत असेल, तर मोकळीक. ही तयारी ठरवणार कोण? कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर जनरलच! लंडनचे उत्तर यायला कित्येक महिने लागत. बंदी अमलात असतानाच वेलस्लीने १८०३ साली शिंदे-भोसल्यांशी युद्ध केले. वाढत्या खर्चाने संचालक चिडले, १८०५ साली वेलस्ली विलायतेला परतला. त्या युद्धात मिळालेली दिल्ली आणि कटक मात्र कंपनीने परत केली नाहीत.