दारू सोडणाऱ्यांची बैठक

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावर नांदगांव खंडेश्वर हें तालुक्याचें गांव लागतें. तेथील खंडेश्वराच्या प्राचीन हेमाडपंती देवालयाची वाट कोणीही दाखवील. गुत्त्याची वाट तर कोणत्याच गांवीं विचारावी लागत नाहीं. परंतु दारू सोडूं इच्छिणाऱ्या मनुष्यानें जावें कोठें, या प्रश्नाचें उत्तर सहजासहजीं मिळत नाहीं. त्या उत्तराच्या शोधाचा इतिहास वऱ्हाडच्या मातींतही आहे आणि साता समुद्रांपलीकडेही आहे.

वऱ्हाडापुरता त्याचा आरंभ शेंडगांवच्या एका परिटाच्या घरापासून करावा लागतो. झिंगराजी जानोरकर यांचा दारूच्या व्यसनानें अंत झाला, तेव्हां त्यांचा पुत्र डेबूजी अगदीं लहान होता. त्याला घेऊन माता सखुबाई दापुरें येथें माहेरीं जाऊन राहिली. १८७६ सालीं जन्मलेला हाच डेबूजी पुढें गाडगेमहाराज म्हणून महाराष्ट्राला वंद्य झाला. अपत्याच्या बारशास दारूमटणाची पंगत द्यावी, हा जातीचा रिवाज त्यांनीं मोडला आणि पाहुण्यांस गोड जेवण वाढलें. १९०५ सालीं घर सोडल्यावर गांवोगांवच्या कीर्तनांत श्रोत्यांना प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून, ते व्यसनानें होणारी नासाडी दाखवीत राहिले. त्याच जिल्ह्यांत मोझरी येथें १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि सामुदायिक प्रार्थनेच्या रूपानें एकत्र बसण्याची सवय खेड्यांना लावली. संध्याकाळची वेळ हीच पिणाऱ्याची कसोटीची वेळ; तेव्हां ह्या बसण्याचें मोल थोडें नव्हे.

१९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदाही झाला. कायदा दुकानाला कुलूप लावूं शकतो. परंतु पेला खालीं ठेवल्यावर मनांत जी पोकळी उरते, ती भरून काढणें त्याच्या हातीं नसतें. कीर्तनालाही एक मर्यादा होतीच. तेथें सांगणारा निर्व्यसनी आणि ऐकणारा व्यसनी. मान खालीं घालून ऐकलेला उपदेश घरीं पोहोंचेपर्यंत टिकेलच, असें नाहीं.

ही मर्यादा ओलांडणारी घटना १९३५ सालींच, परंतु अमेरिकेंत घडली. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत वावरणारा बिल विल्सन हा गृहस्थ कामानिमित्त ॲक्रन शहरीं आला होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. काम फसलें, खिसा जवळजवळ रिकामा झाला, आणि हॉटेलांतील मद्यालय त्याला खुणावूं लागलें. तिकडे पाऊल न वळवितां त्यानें तेथें लावलेली चर्चांची यादी पाहून टेलिफोन करण्यास आरंभ केला. त्याला उपदेशक नको होता. आपल्याप्रमाणेंच दारूनें गांजलेला, बोलावयास दुसरा मनुष्य हवा होता. अशा शोधांतून डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशीं त्याची गांठ पडली आणि दोघे तासन् तास बोलत बसले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस म्हणून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघाचा जन्मदिवस मानला जातो.

या संघाची रीत साधी आहे. प्रवेशास फी नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनांव कोणी विचारीत नाहीं. प्रत्येकजण स्वतःची कहाणी सांगतो. संकल्पही आजन्माचा नसतो. आजचा दिवस प्यावयाची नाहीं, एवढाच. परंतु नांव गुप्त ठेवण्याच्या या नियमामुळें बैठक भरते कोठें हेंच पुष्कळांस कळत नसे. ती वाट वर्तमानपत्रांनीं दाखविली. १९४१ सालीं ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्यें संघाविषयीं लेख आला, तेव्हां सभासद सुमारें २,००० होते, वर्षअखेर ते सुमारें ८,००० झाले. पिणाऱ्याचे कुटुंबीयही तितकेच पोळलेले असतात, हें ओळखून १९५१ सालीं विल्सनची पत्नी लोइस हिनें त्यांच्यासाठीं ‘अल-ॲनॉन’ उभारण्यांत पुढाकार घेतला. १९५७ सालीं संघाचें कार्य भारतांत सुरू झालें. पुढें १९८६ सालीं पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट या दांपत्यानें, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें, ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें. तेथेंही व्यसनांतून बाहेर पडलेलीं माणसेंच इतरांचे मार्गदर्शक झालीं.

लहान गांवची अडचण निराळी. मुंबईच्या गर्दींत मनुष्य अनोळखी राहूं शकतो. तालुक्याच्या गांवीं मोटारींतून उतरतांच दहाजण हांक मारतात. लोक काय म्हणतील, या धास्तीनें पाय उंबऱ्यांतच अडतो. त्यांतच वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें दारू एकाएकीं तोडली, तर झटके येऊन वा भ्रम होऊन जिवावरही बेतूं शकतें. म्हणून आधीं डॉक्टरांचा सल्ला घेणें अवश्य. १४४४६ या सरकारी विनामूल्य टेलिफोनवर जवळच्या केंद्राची विचारपूस करितां येते.

झिंगराजींच्या काळीं वऱ्हाडांत अशी बैठक नव्हती. आज ती दूरच्या शहरीं कां होईना, आहे. आणि तेथवर जाणें होईपर्यंत ॲक्रनचा धडा ध्यानीं ठेवण्यासारखा आहे. त्या पहिल्या भेटींत माणसें दोनच होतीं. नांदगांवच्या एखाद्या ओसरीवर, आपलें खरें दुःख एकमेकांस सांगावयास, असे दोघे संध्याकाळीं समोरासमोर बसले, तर बैठक तेथेंच भरली असें म्हणावयास हरकत नाहीं.