फाइल सापडत नाही : गोसीखुर्दचा पत्ता आणि संगणकातील वाटेचा इतिहास

१/ पीएचपीमध्ये ज्याने एखादे छोटे संकेतस्थळ उभारले आहे, त्याला एक इशारा तोंडपाठ असतो : ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल डोळ्यांसमोर दिसत असते आणि सर्व्हर म्हणतो, ती नाहीच. आजचा धागा या इशाऱ्यामागच्या इतिहासाचा आहे. त्यासाठी आपण वैनगंगेकाठी, भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्दला जाणार आहोत. नाव, पत्ता आणि जागा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या परिसराला कोणी शिकवावे लागत नाही.

२/ आधी नाव पाहू. ‘खुर्द’ हा फारसी शब्द, अर्थ लहान. ‘बुद्रुक’ हे ‘बुजुर्ग’चे मराठी रूप, अर्थ मोठा. एकाच नावाची दोन गावे असली की ती वेगळी ओळखता यावीत म्हणून ही पदे गावांच्या नावांना जोडली गेली. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर नावांची टक्कर टाळण्याची ही जुनी युक्ती होय. आपले गाव मात्र कधी ‘गोसीखुर्द’ तर कधी ‘गोसेखुर्द’ असे लिहिले जाते. माणसाला दोन्ही एकच वाटतात. यंत्राला ती दोन वेगळी स्थळे आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागेल.

३/ आता कागद ठेवण्याची जागा. ‘दप्तर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील कातड्याच्या शब्दापर्यंत जाते. ‘फाइल’चे मूळ लॅटिनमधील ‘फिलुम’, म्हणजे धागा. युरोपात कागद दोऱ्यात वा तारेत ओवून ठेवत. आपल्याकडे ते कापडात बांधत आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. साधन कोणतेही असो, प्रश्न एकच होता : हजारो कागदांतून हवा तो एक पुन्हा हाती कसा यावा?

४/ पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत, बहुतांश कागद मोडी लिपीतील. तेथे कागदाचा पत्ता उतरत्या क्रमाने सांगावा लागतो : कोणते दप्तर, कितवा रुमाल, त्यातील कोणता कागद. ‘कागद मिळत नाही’ या उत्तराचे तीन अर्थ संभवतात. क्रमांक चुकला असेल, कागद दुसऱ्याच रुमालात गेला असेल, किंवा तो जागेवर असून पाहण्याची परवानगी नसेल. तिसरा अर्थ काल्पनिक नाही. हे दप्तर दीर्घकाळ संशोधकांना सहजी खुले नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले, तेव्हा त्या गाठी खऱ्या अर्थाने सुटल्या.

५/ संगणकांपुढे हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास आला. अनेक आरंभीच्या यंत्रणांत फाइलींची यादी सपाट असे. एका ओळीत सारी नावे. १९६५ मध्ये डेली आणि न्यूमन या दोघांनी ‘मल्टिक्स’ प्रणालीसाठी फाइलींच्या श्रेणीबद्ध रचनेचा निबंध मांडला : फोल्डरात फोल्डर, त्यात फाइल. पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या युनिक्सने ही कल्पना सुटसुटीत केली. सर्वांचे मूळ एकच, आणि पायऱ्यांमध्ये एक तिरकी रेघ : /.

६/ १९८३ हे वर्ष आपल्या कथेत दोनदा संगणकाच्या बाजूने आणि एकदा वैनगंगेच्या बाजूने येते. त्या वर्षी एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. पण / हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होते, म्हणून वाटेसाठी उलटी रेघ \ घेतली गेली. त्याच वर्षी ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ‘सिम्बॉलिक लिंक’ आली, म्हणजे जुन्या पत्त्यावर लावलेली नव्या पत्त्याची पाटी. आणि त्याच वर्षी गोसीखुर्द प्रकल्पाला प्रशासकीय मान्यता मिळाली.

७/ यानंतर पीएचपीचा जन्म. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ यांनी स्वतःच्या मुख्यपृष्ठासाठी लिहिलेली साधने जून १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. पुढे या भाषेने जगभरातील छोट्या-मोठ्या संकेतस्थळांचा भार उचलला. स्वस्त सर्व्हरवर ती सहज चालते, म्हणून हौशी इतिहासप्रेमींनी उभारलेले कितीतरी संग्रहही तिच्यावरच उभे राहिले. अडचणी सुरू होतात त्या हे संग्रह हलवावे लागतात तेव्हा.

८/ पूर्ण वाट म्हणजे काय, हे भंडाऱ्याच्या इतिहासातून पाहा. भंडारा १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि ते त्यात आले. पुढे प्रांताला वऱ्हाड जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. गाव तसूभरही हलले नाही, तरी मुळापासून लिहिलेला त्याचा पत्ता पुनःपुन्हा बदलत राहिला. म्हणूनच १९५० सालचा कागद शोधणाऱ्याने केवळ मुंबईच्या दप्तरात शोधून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

९/ सर्व्हरवर नेमके हेच घडते. समजा, एका विद्यार्थ्याने बुडीत क्षेत्रातील गावांच्या छायाचित्रांचा संग्रह केला आणि वाट मुळापासून लिहिली : /घर/माझे/संग्रह/गावे. वर्षभराने त्याने सर्व्हर बदलला. नव्या ठिकाणी मूळच निराळे : /सेवा/स्थळे/संग्रह/गावे. आतील रचना तशीच, पण वरची दोन नावे बदलली आणि सारी छायाचित्रे ‘नाहीशी’ झाली. ती कोठेही गेलेली नाहीत. राज्याचे नाव तेवढे बदलले आहे.

१०/ मग सापेक्ष वाट लिहावी का? ‘नदीच्या पलीकडचे गाव’ हा पत्ता सांगणारा कोणत्या काठावर उभा आहे, यावर अवलंबून असतो. पीएचपीमध्येही सापेक्ष वाट चालू फोल्डरापासून मोजली जाते. ब्राउझरमधून चालणारी स्क्रिप्ट बहुधा स्वतःच्या फोल्डरात उभी असते. तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनने चालवली की भलत्याच काठावर उभी असते. दिवसा चालणारे काम रात्री मोडते, ते यामुळे. २००९ मध्ये पीएचपी ५.३ ने यावर नेटका उपाय दिला : ‘डीआयआर’ हा स्थिरांक, आजूबाजूला दोन-दोन अधोरेखांसह. ‘ही ओळ ज्या फाइलीत आहे, तिचे फोल्डर’ एवढाच त्याचा अर्थ. पुढची वाट त्यापासून मोजावी, म्हणजे सारा संग्रह उचलून कोठेही नेला तरी अंतर्गत पत्ते टिकतात.

११/ याउलट प्रसंग धरणाचा. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. धरण उभे राहिले, त्याला ३३ दरवाजे बसले, आणि जलाशयामुळे भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांना स्थलांतर करावे लागले. येथे पत्ता नव्हे, गावच हलले. जुने नाव घेऊन लोक नव्या गावठाणात गेले. जुन्या जमिनींचे गट क्रमांक कागदावर राहिले. प्रकल्पग्रस्ताला आपला हक्क सांगताना जुना उतारा आणि नवा पत्ता यांची सांगड घालावी लागते. ही जोडणी तुटली, तर कागद असूनही माणूस निराधार ठरतो.

१२/ सिम्बॉलिक लिंकचे काम ही जोडणी टिकवण्याचे. फोल्डर हलवले तर जुन्या जागी पाटी ठेवावी : ‘आता येथे नव्हे, तेथे’. पण पाटी म्हणजे गाव नव्हे. मूळ फोल्डर पुसले गेले तर पाटी जागेवर राहते आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवते. म्हणून पीएचपीतील ‘रिअलपाथ’ या फंक्शनला विचारावे, या वाटेच्या शेवटी खरोखर काय आहे. उत्तर ‘फॉल्स’ आले, तर वाट पूर्ण होत नाही असे समजावे.

१३/ आता नावाकडे परत येऊ. एका फोल्डरला ‘गोसीखुर्द’ आणि स्क्रिप्टमध्ये ‘गोसेखुर्द’ लिहिले, तर चूक निदान डोळ्यांना दिसते. ‘वऱ्हाड’ हा शब्द अधिक फसवा. त्यातील ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे, म्हणून लिनक्सच्या लेखी ती दोन नावे. इंग्रजी नावांत मोठी आणि लहान लिपी हाच घोळ करते : विंडोजवर चालणारे नाव लिनक्सवर चालत नाही. नावे नोंदवताना एकच रूप ठरवून घ्यावे; पीएचपीचा ‘नॉर्मलायझर’ त्यासाठीच आहे. फाइलीला साधा क्रमांक आणि मराठी नाव सूचीत, ही रुमालांची जुनी रीत त्याहूनही सुरक्षित.

१४/ परवानगीचा प्रश्नही जुनाच. युनिक्समध्ये मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व प्रवेश करणे हे अधिकार वेगवेगळे असतात. फाइल वाचण्याची मुभा असूनही वाटेतील एका फोल्डरात प्रवेश नसेल, तर सर्व्हर तेथेच अडतो. वाड्यातील शेवटच्या दालनाची किल्ली असून उपयोग काय, देवडीवरच अडवले तर? आणखी एक बारकावा : अशा वेळी ‘फाइल एक्झिस्ट्स’ हे फंक्शनही ‘नाही’ म्हणते. त्या ‘नाही’चा अर्थ ‘मला दिसत नाही’ एवढाच असू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा भेद नवा नाही.

१५/ आतापर्यंतच्या चुका दुरुस्त होणाऱ्या होत्या. पुढची तशी नाही. ‘एफओपन’ने फाइल उघडताना हेतू सांगावा लागतो : ‘आर’ म्हणजे वाचणे, ‘ए’ म्हणजे शेवटी जोडणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिणे. पण ‘डब्ल्यू’ने उघडताच, एक अक्षरही लिहिण्याआधी, जुना मजकूर पुसला जातो. एखाद्या गावाच्या आठवणींत नवी ओळ घालायची होती आणि हेतू ‘ए’ऐवजी ‘डब्ल्यू’ लिहिला गेला, तर उरते ती एकटी नवी ओळ. छायाचित्राचे गाव जागेवर असते तर ते पुन्हा टिपता आले असते. पाण्याखालच्या गल्लीचे दुसरे छायाचित्र कोठून आणणार?

१६/ म्हणून जपणुकीचे तीन नियम. दोघे एकाच वेळी लिहिणार असतील तर ‘एफलॉक’ने कुलूप घालावे. संपूर्ण फाइल बदलायची असेल तर नवा मजकूर आधी त्याच फोल्डरात तात्पुरत्या फाइलीत लिहावा आणि पूर्ण झाल्यावर ‘रीनेम’ने जुन्याच्या जागी ठेवावा, मध्येच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आणि तिसरा : मूळ प्रत वेगळ्या यंत्रावर असावी, जिच्यावर स्क्रिप्टला लिहिण्याचा अधिकारच नाही.

१७/ फाइल सापडेनाशी झाली, तर क्रम असा ठेवावा. इशारा पूर्ण वाचावा. ‘नो सच फाइल’ आणि ‘परमिशन डिनाइड’ यांची औषधे वेगळी आहेत. स्क्रिप्टने घडवलेली पूर्ण वाट छापून पाहावी. चालू फोल्डर कोणते, ते पाहावे. मुळापासून एकेक पायरी उतरत प्रत्येक नाव आणि प्रत्येक परवानगी तपासावी. जी पायरी चुकते, तेथेच थांबावे. घाईने सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकणे म्हणजे एक कागद सापडत नाही म्हणून दप्तराचे दार रात्रभर उघडे ठेवणे होय.

१८/ रुमाल बांधणाऱ्या कारकुनाला आणि आजच्या संग्राहकाला एकच काळजी आहे : आपल्यानंतर येणाऱ्याला हा कागद सापडेल का? वैनगंगेच्या काठी काही गावांचे आता कागदच उरले आहेत. तुमच्या घरी अशा एखाद्या गावाचे छायाचित्र, उतारा वा पत्र असेल, तर आजच त्याची प्रत करा. आणि फाइलीला नाव देताना गाव, तालुका, वर्ष लिहायला विसरू नका.