ऑनलाइन गोपनीयता : आपली ओळख दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून

भिलाई (छत्तीसगड) : पोलाद कारखान्यामुळे देशाला परिचित असलेल्या भिलाईचे नाव गेल्या काही वर्षांत आणखी एका कारणाने वारंवार वृत्तांत येत आहे. ‘महादेव बुक’ या ऑनलाइन सट्टेबाजीच्या जाळ्याचा तपास करणाऱ्या सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) सप्टेंबर २०२३ मध्ये ४१७ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केल्याची माहिती दिली. या जाळ्याचे कथित प्रवर्तक सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे मूळचे भिलाईचे असून कारभार दुबईतून चालत होता. निकटवर्तीयांना ७०-३० टक्के नफ्याच्या वाटणीवर ‘पॅनेल’ अर्थात शाखा दिल्या जात आणि सट्ट्याचा पैसा बेनामी बँक खात्यांच्या अनेक थरांतून फिरवला जाई, असे संचालनालयाचे म्हणणे आहे. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने महादेव बुकसह २२ बेकायदा सट्टा ॲप व संकेतस्थळांवर बंदीचे आदेश काढले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडेही (सीबीआय) गेला. या आरोपांचा निवाडा न्यायालयातच व्हायचा आहे.

सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘सट्टा’ नसून ‘बेनामी खाते’ हा आहे. बेनामी खाते म्हणजे नाव नसलेले खाते नव्हे. त्यावर कोणाचे तरी खरे नाव, खरे छायाचित्र, खरा आधार क्रमांक आणि खरा मोबाइल क्रमांक असतो. फक्त व्यवहार करणारा हात दुसऱ्याचा असतो. ज्याचे नाव असते त्याला अनेकदा पासबुकात किती कोटींची उलाढाल झाली याची कल्पना नसते. ती येते खाते गोठल्यावर, किंवा दूरच्या राज्यातील पोलिसांची नोटीस घरी पोहोचल्यावर.

ऑनलाइन गोपनीयतेची चर्चा बहुधा समाजमाध्यमांवरील छायाचित्रे आणि मागे लागणाऱ्या जाहिराती यांपाशी थांबते. “आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?” हा प्रश्नही त्यातूनच येतो. मात्र ज्याच्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही, त्याची कोरी ओळखच गुन्हेगाराला सर्वाधिक उपयोगाची असते, हे बेनामी खात्यांच्या या व्यवहाराने दाखवून दिले. वाईट नोंद नसलेला विद्यार्थी, घरकाम करणारी महिला, नुकताच कामाला लागलेला मजूर यांच्या नावावरील खात्याकडे बँकेचे लक्ष सहसा जात नाही.

भाड्याने दिलेले नाव

अशा खात्यांना तपास यंत्रणा ‘म्यूल खाती’ म्हणतात. ती दोन वाटांनी तयार होतात. एका वाटेत खातेदार स्वतःच काही हजार रुपयांच्या मोबदल्यात पासबुक, एटीएम कार्ड, धनादेश पुस्तिका आणि खात्याशी जोडलेले सिम दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ‘खाते नुसते पडून आहे, महिनाभर वापरू दे’ असे सांगणारा बहुधा ओळखीचाच असतो. दुसऱ्या वाटेत नोकरी, कर्ज, शिष्यवृत्ती किंवा शासकीय योजनेचे आमिष दाखवून कागदपत्रे, छायाचित्र आणि ओटीपी घेतले जातात व त्या व्यक्तीच्या नकळत खाते उघडले जाते. कायद्याच्या दृष्टीने या दोन्हींत मोठे अंतर आहे, पण ते अंतर सिद्ध करण्याचा त्रास दोघांच्याही वाट्याला येतो. भिलाई ज्या जिल्ह्यात आहे त्या दुर्ग जिल्ह्यातही पोलिसांनी म्यूल खात्यांच्या धारकांविरुद्ध गुन्हे नोंदवले आहेत.

हा प्रश्न छत्तीसगडपुरता नाही. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे एका इमारतीवर छापा टाकून महादेव ॲपशी संबंधित केंद्र उघडकीस आणले व मोठ्या संख्येने तरुणांना ताब्यात घेतले. केंद्रीय गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी, तर २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गमावले. या रकमेला वाट करून देण्यासाठी कोणाच्या तरी नावाची खाती लागतातच. ती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली विकसित केली असून डिसेंबर २०२४ च्या पतधोरण निवेदनात तिचा उल्लेख झाला. भिलाईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे (आयआयटी) वित्तीय तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय नवोन्मेष केंद्राची जबाबदारी आहे. म्हणजे प्रश्न आणि त्याच्या उत्तराचा शोध एकाच गावात आहेत.

प्रत कोणाकडे राहते?

ओळखीची चोरी म्हटले की संगणकात शिरणारा कुशल हॅकर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ती पुष्कळदा झेरॉक्सच्या दुकानात सुरू होते. आधार कार्डाची छपाई हवी म्हणून ग्राहक दुकानदाराच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर कार्डाचे छायाचित्र पाठवतो, प्रत घेऊन निघून जातो. छायाचित्र मात्र दुकानाच्या मोबाइलवर आणि संगणकावर कायम राहते. लॉजची नोंदवही, भाड्याच्या घराचा मध्यस्थ, खासगी शिकवणी वर्ग, सिम विक्रीचा रस्त्यावरील तंबू, अशा ठिकाणी वर्षानुवर्षे दिलेल्या प्रतींचा हिशेब कोणीच ठेवलेला नसतो. दुकानदाराचा हेतू वाईट असेलच असे नाही. परंतु त्याचा जुना संगणक उद्या कोणाकडे जाईल, हे त्यालाही ठाऊक नसते.

२७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने नागरिकांना सावध केले होते, की आधारची छायाप्रत कोणत्याही संस्थेला देऊ नये, तिचा गैरवापर होऊ शकतो. त्यावरून गदारोळ होताच दोनच दिवसांत सरकारने हे निवेदन मागे घेतले आणि नेहमीचा विवेक बाळगावा, असा खुलासा केला. निवेदन मागे घेतले गेले तरी त्यातील सल्ला वावगा नव्हता.

त्यावर उपाय उपलब्ध आहेत, पण वापरात कमी आहेत. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ घेता येते. त्यात बारापैकी केवळ शेवटचे चार अंक दिसतात. आधार क्रमांकाऐवजी १६ अंकी आभासी क्रमांक देण्याची सोय २०१८ पासून आहे. कागदी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर मजकुराला छेदून ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख व स्वाक्षरी करण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. अशी प्रत दुसऱ्या कामासाठी वापरणे अवघड जाते. दुकानातून छपाई घेतल्यास पाठवलेली फाइल आपल्यासमोर पुसून टाकायला सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्याचे ठसे उतरवून, त्यांचे सिलिकॉनचे साचे बनवून आधार आधारित बँकिंगद्वारे पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. त्यामुळे बोटांचे ठसे व बुबुळे यांची नोंद ‘लॉक’ करून ठेवणे श्रेयस्कर; गरज पडेल तेव्हा ती तात्पुरती उघडता येते.

मोबाइलमधील परवानग्या

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर निमंत्रण पत्रिका येते. ती चित्र किंवा पीडीएफ नसून एपीके, म्हणजे ॲप स्थापित करणारी फाइल असते. वाहतूक विभागाच्या दंडाच्या पावतीच्या नावानेही अशा फाइली फिरतात. एकदा स्थापित झाल्या की त्या एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवतात आणि बँकेचा ओटीपी परस्पर पुढे जातो. पत्रिका पाठवणारा नातेवाईकच असतो, कारण त्याचाही मोबाइल आधी बळी पडलेला असतो. अधिकृत ॲप भांडाराबाहेरील कोणतीही फाइल स्थापित न करणे, हा याबाबतचा सर्वांत साधा आणि परिणामकारक नियम होय.

कर्ज देणाऱ्या ॲपबाबत कायदा ग्राहकाच्या बाजूने अधिक स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ॲपना मोबाइलमधील संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फाइली पाहण्यास मनाई आहे. कॅमेरा, मायक्रोफोन व ठिकाण यांचा वापर ग्राहक नोंदणीपुरता आणि स्पष्ट संमतीनेच करता येतो. संपर्क यादी मागणारे कर्ज ॲप त्याच क्षणी काढून टाकावे, हे सांगण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

भिलाईसारख्या औद्योगिक नगरीत निवृत्त कर्मचाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यासाठी धोक्याचे स्वरूप वेगळे आहे. हयातीचा दाखला अद्ययावत करायचा आहे, असे सांगणारा फोन येतो. बोलणाऱ्याकडे नाव, निवृत्तीचा दिनांक, पेन्शनचा आदेश क्रमांक असा तपशील आधीच असल्याने विश्वास बसतो. माहिती असणे हा अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट घरातील तरुणांनी ज्येष्ठांना सांगण्यासारखी आहे. हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ सुविधेद्वारे पेन्शनधारकाने स्वतः द्यायचा असतो. कार्यालय त्यासाठी ओटीपी मागत नाही.

आपल्या नावावर काय काय आहे?

आपली ओळख इतरत्र वापरली जात आहे का, हे तपासण्याची साधने आता नागरिकाच्या हाती आहेत. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावे किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रार करता येते. (याच नावाचे ॲप प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये आधीच बसवण्याचा आदेश विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस काढला होता, गोपनीयतेच्याच मुद्द्यावर टीका झाल्याने तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला.) एका व्यक्तीच्या नावे नऊ सिमची मर्यादा आहे, जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत ती सहा आहे.

नकळत उघडलेल्या बँक खात्याचा सुगावा लागणे मात्र कठीण असते. प्राप्तिकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण येथे कामी येते. ज्या बँकेत आपण कधी पाऊल ठेवले नाही तिने आपल्या पॅनवर व्याज दिल्याची नोंद तेथे असेल, तर ती धोक्याची घंटा समजावी. न घेतलेली कर्जे पतअहवालात दिसतात. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आधारचा वापर कोठे झाला याचा इतिहासही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. या तपासणीला वर्षातून तासभर लागतो. नाव निर्दोष असल्याची खात्री त्यातून मिळाली तरी ती वाया गेलेली वेळ नसते.

कायद्याचे संरक्षण

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. नियमांतील वेळापत्रकानुसार कंपन्या व संस्थांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती काढून घेणे, माहिती दुरुस्त करवून घेणे किंवा पुसायला लावणे हे हक्क या कायद्यात आहेत आणि सुरक्षेत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना दिलेल्या व्यापक सवलतींवर कायदेतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. नागरिकाने कितीही दक्षता घेतली तरी त्याची माहिती साठवणारी संस्था गाफील राहिली तर त्याचा इलाज त्याच्या हाती नसतो. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरील एका बॉटद्वारे लसीकरण घेतलेल्यांचे मोबाइल क्रमांक व ओळखपत्रांचा तपशील मिळू लागला, तेव्हा कोविन संकेतस्थळात थेट शिरकाव झाला नसल्याचे सरकारने सांगितले. तपशील मात्र लोकांसमोर आलेला होता.

दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख, पासवर्ड वा स्वाक्षरी कपटाने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार (इंग्रजी पाठातील ६६ सी) तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसवणूक करून सिम मिळवणाऱ्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची किंवा दोन्हींची तरतूद आहे.

पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती रोखता यावी, यासाठीच ही व्यवस्था आहे. बँकेलाही त्याच वेळी लेखी कळवावे. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि तो तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर कोणतेही दायित्व येऊ नये, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. ओटीपी किंवा पिन स्वतःहून सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाकडेच राहते, म्हणून येथे विलंब महागात पडतो.

आपल्या नावे अनोळखी खाते आढळले आणि पैसे गेले नसले, तरीही तक्रार करणे आवश्यक आहे. पुढे चौकशी झाल्यास दिनांकासह केलेली आधीची तक्रार हाच खातेदाराचा मुख्य आधार ठरतो. भिलाईचा तरुण नागपूर किंवा पुण्यात नोकरीस असेल तर त्याला गावी परतण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तीवर स्वाक्षरी करावी लागते.