कॉफीचे यंत्र घरात घ्यावे काय?

दिवाळीच्या बोनसाचे पैसे हाती आले की आमच्या युनियनच्या कचेरीत दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला, बोनस कमी का आला. आणि दुसरा, आला त्याचे काय करावे. पहिल्याचे उत्तर देण्याची आम्हाला सवय आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र भलेभले पुढारी चाचरतात. गेल्या वर्षी तळेगावच्या एका कारखान्यातील एका जोडप्याने मला विचारले, "भाऊ, कॅप्सूलवाले कॉफीचे यंत्र घ्यावे म्हणतो. घेऊ का नको?" दोघेही नोकरी करणारी, त्यांतला एक पाळीवर जाणारा, सकाळी सहाची बस. प्रश्न साधा, पण त्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो बराचसा आपल्या घाटाच्या आसपास घडलेला आहे. म्हणून या व्याख्यानमालेत हाच विषय घेण्याचे मी ठरविले.

प्रथम यंत्र म्हणजे काय ते पाहू. अंगठ्याएवढ्या ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीत पाचसहा ग्रॅम दळलेली कॉफी हवाबंद केलेली असते. ही डबी यंत्रात घालून खटका दाबला की यंत्र तिला भोके पाडते, पंप गरम पाणी मोठ्या दाबाने तीतून ढकलतो, आणि अर्ध्या मिनिटात कपात फेसाळ काळी कॉफी पडते. मोजमाप नाही, गाळणे नाही, भांडे विसळणे नाही. डबी टाकून द्यायची.

दाब ही या यंत्रातील खरी किमया. लोणावळ्याच्या माणसाला तिचे नवल वाटू नये, कारण आपले गावच दाबाच्या वाफेवर वाढले. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, आणि कामाच्या भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर डोंगरावर. त्यांतले हजारो पटकीने व तापाने तेथेच गेले. थकलेल्या मजुरीवरून १८५९ साली तेथे दंगलही झाली. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्याला डब्याच्या खिडकीतून यांपैकी काही दिसत नाही. त्याला धबधबा दिसतो.

त्याच वाफेच्या युगात इटलीतील तुरिन शहरी अँजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेत्झेरा याने एकेका पेल्यापुरती कॉफी काढणारे यंत्र केले. 'एस्प्रेसो' हे नाव पुढे रूढ झाले. त्या शब्दात आगगाडीच्या 'एक्स्प्रेस'चा वास येतो तो उगाच नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर गाजिया याने वाफेऐवजी दांडा ओढून पाण्यालाच दाब दिला आणि कॉफीवर तो सोनेरी फेस आला. तथापि ही सारी यंत्रे हॉटेलाची होती. ती चालवायला हात कसलेला लागे, आणि त्या हाताला पगार द्यावा लागे.

येथे मला थोडे आडवळण घेतले पाहिजे. १९३० च्या मंदीत जगात कॉफी पडून राहिली. ब्राझीलने पोतीच्या पोती जाळली, समुद्रात लोटली. जगात उपाशी माणसे असताना पीक जाळण्याची ही भांडवलशाहीची रीत शाळेच्या पुस्तकात यायला हवी. ब्राझीलच्या कॉफीवाल्यांनी स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीला साकडे घातले, आणि तिने आठ वर्षे खटपट करून १९३८ मध्ये पाण्यात विरघळणारी पूड बाजारात आणली. आपल्याकडे याच अडचणीवर निराळा तोडगा निघाला. १९३५ साली कॉफी सेस कमिटीचा कायदा झाला आणि लोकांना कॉफीची गोडी लागावी म्हणून मुंबईत चर्चगेटला १९३६ साली पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. पुढे ती अनेक शहरांत निघाली; कारकून, विद्यार्थी, कवी, पुढारी एका कपावर दोन-दोन तास बसू लागले. पण १९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाला ती जड झाली आणि बंद करण्याचा निर्णय झाला. नोकरी गेलेल्या वाढप्यांना व आचाऱ्यांना कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी सांगितले की रडत बसू नका, तुम्हीच ती चालवा. १९५७ च्या ऑगस्टात बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था झाली, ऑक्टोबरात दिल्लीला त्यांचे पहिले कॉफी हाउस उघडले. कालपर्यंत 'बॉय' म्हणून हाक खाणारा माणूस धंद्याचा भागीदार झाला. कामगार चळवळीच्या इतिहासात मोठमोठ्या संपांची वर्णने भरपूर आहेत. या प्रकरणाला मात्र चार ओळींवर जागा मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता कॅप्सूल. नेस्लेचाच एरिक फाव्ह्र नावाचा इंजिनिअर. त्याने १९७६ साली बंद डबीतून दाबाने कॉफी काढण्याची ही पद्धत बसविली. १९८६ मध्ये 'नेस्प्रेसो' या नावाने ती विक्रीस आली. अमेरिकेत 'क्युरिग' कंपनीने १९९८ मध्ये असेच यंत्र प्रथम कचेऱ्यांसाठी काढले. तेथे सकाळी किटलीभर कॉफी होई ती दुपारपर्यंत जळकट होई. त्यावर हा उपाय. म्हणजे हॉटेलातला कसलेला हात फाव्ह्रने डबीत बंद केला, आणि कचेरीतला चहावाला पोऱ्या क्युरिगने. घराची पाळी त्यानंतर आली.

धंद्याची खुबी अशी की यंत्र एकदाच विकले जाते, डबी रोज विकली जाते. पेटंट चालू होते तोवर त्या यंत्रात दुसऱ्याची डबी बसत नसे. २०१२ च्या सुमारास मुदती संपल्या आणि इतरांच्या डब्या येऊ लागल्या. तरी घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: या यंत्रात किती कंपन्यांच्या डब्या बसतात, आणि त्या माझ्या गावात मिळतात काय? मिळत नसतील तर पावसाळ्यात घाटातली वाहतूक अडली की ते वीस हजारांचे यंत्र म्हणजे ओट्यावरची शोभेची वस्तू.

हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतो, प्रत्येकाने आपल्या दुकानातले घालावेत. समजा यंत्र वीस हजारांचे आणि ते पाच वर्षे टिकले. वर्षाला चार हजार. डबी साठ रुपयांची धरू. नवराबायको रोज एकेक कप म्हणजे वर्षाचे ७३० कप, ४३,८०० रुपये. आपण भांडत बसतो यंत्राच्या किमतीवर, आणि खिसा कापला जातो डबीवर! दुसऱ्या रीतीने पाहा. डबीत पाच ग्रॅम कॉफी. किलोला दोनशे डब्या. साठ रुपयांप्रमाणे किलोला बारा हजार. तीच चांगली ताजी दळलेली कॉफी आठशे रुपये किलो धरली, आणि कपाला दहा ग्रॅम इतक्या सढळ हाताने वापरली, तरी कपाला आठ रुपये पडतात. वर्षाचा फरक अडतीस हजारांच्या घरात जातो. कामगाराच्या घरी हा एखाद्या मुलाच्या वर्षाच्या शिक्षणाचा खर्च आहे. आणि हा वाढीव पैसा कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यांवर फळे तोडणाऱ्या बाईच्या मजुरीत उतरला असता तर मी निम्मी तक्रार मागे घेतली असती.

यात दूध धरलेले नाही, आणि आपल्याकडची खरी गोम तीच आहे. मराठी घरातली कॉफी म्हणजे मुळात दूध. पातेल्यात दूध, साखर, चमचाभर पूड, वर जायफळ किसून, नाहीतर वेलदोडा. मग फडक्याने गाळून कपबशीत. पूर्वी कॉफीची वडी मिळे: साखर, कॉफी आणि जायफळ यांची कागदात गुंडाळलेली वडी, गरम दुधात टाकून ढवळली की काम झाले. एका कपाला एक वडी. ही आपली कॅप्सूलच म्हणा ना. तिचा कचरा म्हणजे एक कागदाचा कपटा. यंत्र मात्र काळी कॉफी देते. दूध तापवायचे तर पातेले आलेच, किंवा दुधाला फेस आणण्याचे आणखी एक यंत्र घ्या. मग विसळणे वाचले कोठे?

असे असले तरी या यंत्राची बाजू मी अगदीच उडवून लावणार नाही. कप कोण करतो आणि कोण पितो, हा या प्रांतात नेहमीच मोठा प्रश्न राहिलेला आहे. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे, आणि त्यांच्याबरोबर टिळकांसारखी मंडळी, १८९० साली पंचहौद मिशनमध्ये गेली, तेथे त्यांच्यापुढे चहा आला, आणि त्या चहावरून पुण्यात केवढे ग्रामण्य उठले! शेवटी प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. त्याच १८९० च्या जून महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. एकीकडे कपाला शिवावे की नाही हा वाद, दुसरीकडे कप निवांत पिण्याला एक दिवस मिळावा ही झुंज. मला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. पण त्या रविवारीही कॉफी बाईनेच केली, हे आपण पुरुष विसरतो. पहाटे पाचला उठून डबा करणाऱ्या, आणि मग स्वतः कामावर जाणाऱ्या बाईची दहा मिनिटे वाचत असतील, आणि खटका दाबण्याइतपत तरी नवरा शिकत असेल, तर त्या दहा मिनिटांना किंमत आहे. ती अडतीस हजार आहे की नाही हे तिला विचारा, मला नव्हे.

काही लोक विजेचा आक्षेप घेतात. तो टिकत नाही. यंत्र बाराशे-चौदाशे वॅटचे असले तरी कपामागे मिनिटभर चालते. युनिटचा अगदी लहान अंश जातो. मात्र विजेची गोष्ट निघालीच आहे तर मावळातल्या माणसाने तिचे मूळ जाणून असावे. वळवण धरणाची कोनशिला फेब्रुवारी १९११ मध्ये बसली. लोणावळ्याचे पाणी दीड हजार फुटांहून अधिक खाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये टाटांची वीज सुरू झाली, आणि ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. मग ठोकळवाडीला आंद्रा खोरे अडले, मुळशीला सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ पासून तीन वर्षे चालला, तरी खोरे बुडालेच. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर हे पाणी साठले त्यांच्या कित्येक वाड्यांत दिवा लागायला पुढे कैक वर्षे गेली. मुंबईच्या दिवाणखान्यात बटण दाबणाऱ्याला हे दिसण्याचे कारण नव्हते.

डबीचेही तसेच आहे. एक किलो ॲल्युमिनियम करायला चौदा-पंधरा युनिट वीज लागते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरता येते हे खरे, पण त्यासाठी डबी उघडून आतला ओला चोथा काढावा लागतो. ते कोण करणार? ओल्या कचऱ्यात टाकली तर धातू, सुक्यात टाकली तर चोथा. लोणावळ्याच्या बंगल्यांत शनिवार-रविवारी पाहुणे येतात, सोमवारी सकाळी नगरपरिषदेचा सफाई कामगार पिशव्या उचलतो. घरात जी दहा मिनिटे वाचली त्यांतली काही त्याच्या वाट्याला जातात, आणि त्याला त्यांचा ओव्हरटाइम मिळत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६ साली सरकारी पैशाने असल्या डब्या घेण्यास बंदी केली. क्युरिगचा एक संस्थापक जॉन सिल्व्हन याने तर २०१५ मध्ये कबूल केले की हे यंत्र काढल्याचा आपल्याला कधीकधी पश्चात्ताप होतो.

तेव्हा त्या जोडप्याला मी सांगितले ते असे. घरात एकटे माणूस असेल, काळी कॉफीच पीत असेल, दिवसाला एकच कप लागत असेल, किंवा म्हाताऱ्या माणसाचा हात गॅसजवळ कापत असेल, तर यंत्राचा विचार जरूर करावा. दुधाची कॉफी पिणाऱ्या दोघाचौघांच्या घरी ते परवडत नाही. पाळीवर जाणाऱ्याने मद्रासी पद्धतीचा स्टीलचा फिल्टर घ्यावा. तो काही शेकड्यांत येतो. रात्री निजताना वरच्या भांड्यात चार चमचे पूड, तिच्यावर चकती हलके दाबून, उकळते पाणी ओतायचे आणि झाकण ठेवायचे. पहाटेपर्यंत खालच्या भांड्यात डिकॉक्शन थेंबथेंब उतरलेले असते. वीज गेली तरी चालते, आणि आषाढात लोणावळ्याला ती जातेच. चोथा तुळशीच्या कुंडीत जातो. पूड मात्र चिकोरीशिवायची, पंधरा दिवसांपुरतीच दळून आणावी. आणि रात्री फिल्टर लावण्याचे काम नवऱ्याने करावे.