चारबाग रेल्वे स्थानक, लखनौ : वास्तू, जतन व संग्रहालयाचा प्रश्न

चारबाग रेल्वे स्थानक : उत्तर प्रदेशाची राजधानी लखनौ येथील उत्तर रेल्वेचे मुख्य स्थानक. शहराच्या दक्षिण भागी, आलमबाग व ऐशबाग या नवाबी काळातील बागांच्या शेजारी ते वसले असून, तांबड्या-पांढऱ्या रंगातील घुमट, छत्र्या व मनोरे यांच्या लांब रांगेमुळे प्रथमदर्शनी ते स्थानकापेक्षा एखाद्या नवाबी कोठीसारखेच भासते. ऐतिहासिक रेल्वे-इमारतींची डागडुजी करून त्यांत संग्रहालये थाटावीत, अथवा असलेल्या संग्रहालयांचा विस्तार करावा, असा विचार अनेक देशांत रूढ झाला आहे. या विचाराची मर्यादा कोठे येते हे पाहावयाचे असेल, तर चारबागचे उदाहरण मुद्दाम घ्यावे असे आहे. कारण जुन्या वास्तूंत संग्रहालय नांदवण्याची रीत लखनौस दीर्घकाळ परिचित असूनही, या शहराची सर्वांत प्रेक्षणीय रेल्वे-इमारत त्या रीतीच्या कक्षेबाहेर राहिली आहे.

२५ सप्टेंबर १८५७ रोजी जनरल हॅवलॉकच्या ब्रिटिश फौजेने वेढ्यात सापडलेल्या रेसिडेन्सीकडे जाण्यासाठी ज्या चारबाग पुलावर निकराची लढाई दिली, त्याच परिसराने पुढे अवघ्या दहा वर्षांत आगगाडी पाहिली. एप्रिल १८६७ मध्ये कानपूर–लखनौ लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला. तो बांधणाऱ्या कंपनीचे पुढे अवध-रोहिलखंड रेल्वेत रूपांतर झाले, ती रेल्वे सरकारने विकत घेतली, १९२५ साली ईस्ट इंडियन रेल्वेत विलीन केली, आणि १९५२ च्या पुनर्रचनेत हा भाग उत्तर रेल्वेच्या वाट्यास आला. शेजारीच असलेले लखनौ जंक्शन हे त्या वेळचे मीटरगेजचे स्थानक मात्र पूर्वोत्तर रेल्वेकडे गेले, आणि लखनौकरांच्या बोलण्यात त्यास आजही ‘छोटी लाइन’ असेच म्हणतात. एकाच आवाराला लागून दोन रेल्वे-खात्यांचा अंमल असणे ही गोष्ट प्रवाशांच्या लेखी किरकोळ असली, तरी जतनाच्या दृष्टीने ती किरकोळ नाही. कारण सबंध आवाराच्या दुरुस्तीची तजवीज दोन दप्तरांतून न्यावी लागते.

विद्यमान इमारतीची पायाभरणी २१ मार्च १९१४ रोजी लखनौचे अँग्लिकन बिशप जॉर्ज हर्बर्ट वेस्टकॉट यांच्या हस्ते झाली. आराखडा जे. एच. हॉर्निमन यांचा. पुढे चारच महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले, आणि हे भव्य काम पूर्णत्वास गेले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. राजपूत छत्र्या, अवधी कमानी व मुघल घुमट यांचा मेळ घालणारी ही शैली इंडो-सारासेनिक या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश स्थापत्यकारांनी ती न्यायालये, महाविद्यालये व स्थानके यांवर सारख्याच सढळ हाताने लादली, आणि बहुतेक ठिकाणी ती उसनी दिसते. चारबागला मात्र, समोर पसरलेल्या उद्यानामुळे आणि शहरात रूमी दरवाजा व इमामबाडे यांचा शेजार असल्यामुळे, ती शोभून गेली आहे. वरून पाहिल्यास इमारतीचे घुमट बुद्धिबळाच्या पटावरील मोहऱ्यांसारखे मांडलेले दिसतात, असे लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. गाड्यांचा आवाज इमारतीबाहेर येतच नाही, ही दुसरी आख्यायिका मात्र उद्यानात घटकाभर उभे राहिल्यावर टिकत नाही.

मराठी वाचकास चारबागचे आणखी एक अगत्य आहे. काँग्रेसमधील सुरतेच्या फुटीनंतर दुरावलेले लोकमान्य टिळक डिसेंबर १९१६ च्या लखनौ काँग्रेसला आले ते होमरूलवाद्यांच्या खास गाडीने, आणि स्थानकावर त्यांचे जे स्वागत झाले त्याची हकीकत पुढे काकोरी कटात फाशी गेलेल्या रामप्रसाद बिस्मिल यांच्या आत्मचरित्रात आली आहे. नेमस्त पुढाऱ्यांच्या मनात टिळकांना गुपचूप मोटारीतून न्यावयाचे असता, तरुणांनी मोटार अडवली आणि घोडागाडीचे घोडे सोडून ती गाडी स्वतः ओढीत त्यांना शहरातून नेले. याच अधिवेशनाच्या सुमारास गांधी व जवाहरलाल नेहरू यांची पहिली भेट झाली, आणि ती चारबाग स्थानकावरच झाली असे स्थानिक परंपरा मानते. या दोन्ही प्रसंगांची चित्रे रंगवताना आजचे घुमट पार्श्वभूमीवर घालण्याचा मोह सार्वत्रिक आहे. वास्तविक १९१६ साली ही इमारत पुरी झालेली नव्हती. स्थानकात एखादे ऐतिहासिक दालन उभे करावयाचे झाल्यास, असला कालविपर्यास त्यात शिरू न देणे हे पहिले काम ठरेल.

संग्रहालय आणि जुनी वास्तू यांच्या नात्याचा लखनौतील खरा इतिहास मात्र चारबागेत नसून राज्य संग्रहालयाच्या वृत्तांतात आहे. १८६३ साली कमिशनर कर्नल ॲबट यांच्या पुढाकाराने जमू लागलेला हा संग्रह प्रथम नवाबी छोट्या छत्तर मंझिलीत होता. १८८३ साली त्यास प्रांतिक संग्रहालयाचा दर्जा मिळाला, आणि तो नवाब सआदत अली खान यांनी राज्यारोहणाच्या दरबारासाठी बांधलेल्या लाल बारादरीत हलवण्यात आला. तेथे त्याचे क्युरेटर झालेले आलोइस आंटोन फ्यूरर हे मोठे विलक्षण गृहस्थ होते : १८८८ ते १८९१ या काळात मथुरेच्या कंकाली टीला येथे उत्खनन करून त्यांनी जैन शिल्पांचे असे भांडार लखनौस आणले की बारादरी अपुरी पडू लागली, आणि पुढे याच विद्वानास पुराव्यांत बनवाबनवी केल्याचे उघडकीस आल्यामुळे १८९८ साली पुरातत्त्व खाते सोडावे लागले. शिल्पे खरी होती, एवढे समाधान. त्या पाषाणसंभारास जागा हवी म्हणून संग्रहालयाचा पुरातत्त्व विभाग कैसरबागेतील जुन्या कॅनिंग कॉलेजच्या इमारतीत गेला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली स्थापन झालेले मॅरिस संगीत महाविद्यालयही पुढे याच कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात स्थिरावले. अखेर १९६३ साली बनारसी बागेतील प्राणिउद्यानाच्या आवारात बांधलेल्या नव्या इमारतीत राज्य संग्रहालय गेले; तिचे उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी केले. लाल बारादरी पुढे राज्य ललित कला अकादमीकडे आली.

या स्थित्यंतरांत एक गोष्ट समान दिसते. छत्तर मंझिल असो, बारादरी असो वा कॉलेजची इमारत, तिचा मूळ मालक वा मूळ व्यवहार निघून गेल्यावरच तेथे संग्रहालयाचा प्रवेश झाला. नवाबी बुडाली म्हणून दरबारगृह रिकामे झाले, आणि कॉलेज दुसरीकडे गेले म्हणून त्याच्या खोल्या मोकळ्या झाल्या. पॅरिसमधील ओर्से स्थानकाचे जगप्रसिद्ध उदाहरणही याच मालिकेतील आहे. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्टर लालू यांनी उभारलेले ते स्थानक, गाड्या लांब झाल्यामुळे व फलाट आखूड पडल्यामुळे, १९३९ पासून दूरच्या वाहतुकीस निरुपयोगी ठरले होते. १९८६ साली त्यात संग्रहालय उघडले, तेव्हा दाटीवाटीत असलेल्या दृक्प्रत्ययवादी चित्रांना तेथे प्रशस्त जागा मिळाली. चारबागच्या फलाटांना असे वैधव्य आलेले नाही.

महाराष्ट्रातील दोन दाखले या बाबतीत परस्परांहून भिन्न आहेत. नागपूरच्या मोतीबाग येथे, बंगाल-नागपूर रेल्वेच्या जुन्या इंजिन-शेडच्या आवारात २००२ साली नॅरोगेज संग्रहालय सुरू झाले. तेव्हा सातपुड्यातील छोट्या गाड्या अद्याप धावत होत्या, आणि नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज मार्ग बंद पडला तो २०१५ च्या अखेरीस. म्हणजे येथे स्मारक अगोदर झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची कथा निराळी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या दशकात, सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारख्या साहाय्यकांच्या मदतीने बांधलेली ही इमारत २००४ साली जागतिक वारसास्थळ झाली. तीत एक वारसा-दालनही आहे. परंतु मध्य रेल्वेचे मुख्यालय हलवून सर्व इमारतच संग्रहालयास द्यावी, ही २०१७–१८ मधील तजवीज कर्मचारी-संघटनांच्या विरोधामुळे वादग्रस्त ठरली, आणि दप्तर आपल्या जागी राहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते ते योग्यच झाले. लेखनिकांनी गजबजलेला जिना रिकाम्या जिन्यापेक्षा त्या वास्तूचा इतिहास अधिक सांगतो.

चालू स्थानकाचे जतन हे म्हणूनच बंद इमारतीच्या जीर्णोद्धारापेक्षा कठीण काम आहे. चुना व सुरखीच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतील ओल कोंडते, लोणा फुटतो आणि मूळ वीट आतल्या आत झिजते. हा दोष दूर करण्यासाठी सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचे काम करावे लागते, आणि ते सावकाश वाळते. गाड्यांच्या वेळापत्रकात अशा सावकाशीला जागा नसते. त्यातच विजेच्या तारा, वातानुकूलन यंत्रे, जाहिरातींच्या पाट्या व नव्या तिकीट-खिडक्या यांसाठी कमानी बुजवण्याची घाई प्रत्येक पिढीत होते. एकविसाव्या शतकात चारबाग व लखनौ जंक्शन यांच्या पुनर्विकासाचे जे आराखडे पुढे आले, त्यांचाही मुख्य भार प्रवाशांच्या सोयीवर आहे, आणि स्थानकाच्या बाबतीत तो तसा असण्यात वावगे नाही. संग्रहालयासाठी येथे काही मिळावयाचे असेल तर ते घुमटाखालील मुख्य दालन नव्हे, तर बाजूच्या पाखांतील, वापरातून गेलेल्या एखाद-दोन खोल्या एवढेच. त्यांत अवध-रोहिलखंड रेल्वेचे नकाशे, जुनी वेळापत्रके व सिग्नलची उपकरणे मांडता येतील, आणि भिंतीपलीकडून गाडीची उद्घोषणा ऐकू येत राहील.