तबकडीची गति आणि गवयाचा सूर

मुंबईच्या उपनगरांत यंत्रांतलें गाणें प्रथम चावीवर आलें, विजेवर नव्हे. अंधेरी-बोरिवलीस आणि घाटकोपर-मुलुंडास आगगाडी फार आधींच पोंचली होती. बोरिवलीपर्यंतचा लोहमार्ग १९२८ सालीं विजेवर चालूं लागला. पण गाडी विजेवर धांवली म्हणून रुळांच्या कडेच्या घरांत दिवा लागला असें झालें नाहीं. उपनगरांना वीज पुरविण्याकरितां ‘बाँबे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी १९२९ सालीं स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून तिची वीज घरोघर जाऊं लागली. तोंपर्यंत ग्रामोफोनला या देशांत येऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. कंदिलाच्या उजेडांत ओसरीवर पेटी ठेवावी, चावी द्यावी, सुई बदलावी आणि बालगंधर्वांचें पद लावावें, हा त्या काळच्या सुखवस्तु घरांतला सोहळा होता. या सोहळ्यांत एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानीं येत नसे. गवयानें आपला आवाज तबकडीवर ठेवला तरी त्याचा सूर कोणत्या पट्टींत निघावा, हें अखेर घरांतल्या माणसाच्या बोटांवर अवलंबून होतें.

एडिसनचें फोनोग्राफ यंत्र १८७७ सालचें. त्यांत आवाज नळकांड्यावर उमटे. सपाट तबकडीची युक्ति एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं काढली आणि गाणें छापून विकण्याचा धंदा खऱ्या अर्थानें तिच्यामुळें शक्य झाला. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास उतरला आणि त्यानें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं तबकड्या छापून येत त्या जर्मनींतील हॅनोव्हरहून. तेथील कारागिरांना एकहि हिंदी नांव उच्चारतां येत नसल्यामुळें, गाणें संपतांच गायिका आपलें नांव मोठ्यानें सांगत असे. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यासच छपाईचा कारखाना निघाला, आणि १९३५ सालीं खुद्द मुंबईंत ‘यंग इंडिया’ या छापाच्या तबकड्या निघूं लागल्या.

आतां पेटीच्या आंत काय असे तें पाहूं गेल्यास, पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग हा तिचा प्राण. चावीनें ती आवळावयाची आणि उलगडतांना तिनें थाळी फिरवावयाची. परंतु स्प्रिंगचा स्वभाव असा कीं नुकतीच आवळलेली असतांना ती जोरानें ओढते आणि सैल पडत गेली कीं तिचा जोर ओसरतो. हा चढउतार सम करण्याचें काम तीन लहान वजनांच्या एका फिरत्या नियंत्रकाकडे असतें. वेग वाढला कीं वजनें बाहेर फेंकलीं जातात, त्यांना जोडलेली चकती सरकते, चामड्याच्या वा नमद्याच्या तुकड्यावर घासते, आणि वेग आवरला जातो. थाळीच्या कडेला जी लहानशी खिट्टी असते ती हा तुकडा पुढें-मागें करते. तिच्याखालीं आंकडे कोरलेले असत. परंतु तुकडा झिजला किंवा त्याचें तेल सुकलें, कीं आंकडा एक सांगे आणि थाळी दुसऱ्याच वेगानें फिरे. स्प्रिंगमधील वंगण वाळून घट्ट झालें, तर ती धक्क्याधक्क्यानें उलगडे आणि ऐन आलापाच्या मध्यें पेटींतून ‘धप्’ असा आवाज येई.

यावर उपाय सोपा होता, पण तो करणारे थोडे. तबकडीच्या खालीं कागदाची एक चिठ्ठी कडेबाहेर डोकावेल अशी ठेवावी आणि घड्याळ समोर धरून एका मिनिटांत ती किती वेळां फिरते तें मोजावें. मोजावयाचें तें सुई टेंकलेली असतांना, कारण साऊंडबॉक्सच्या ओझ्यानें थाळी मंदावते. आणि एकदां भरल्या चावीवर, एकदां बाजू संपत आली असतांना. दोन्हीं वेळां आंकडा तोच आला तर यंत्र निरोगी समजावें.

पण आंकडा कोणता? सर्वसाधारण समज अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा. हा आंकडा सर्वमान्य झाला तो पुढें, विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर; आणि तें तंत्र अमेरिकेंत आलें १९२५ सालीं. त्याआधींच्या तबकड्या सत्तरापासून ऐंशीच्या पलीकडेपर्यंत निरनिराळ्या वेगांवर भरलेल्या आढळतात. गवई कर्ण्यासमोर बसून गात असे, आणि मुद्रण करणाऱ्याच्या यंत्राचा वेग त्या दिवशीं जो असेल तो असे. आतां गणित असें कीं वेग शेंकडा सहांनीं वाढला म्हणजे सूर अर्ध्या स्वरानें चढतो. म्हणजे चौऱ्याहत्तरावर भरलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरावर लावली, तर काळी एक पट्टींत गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोन पट्टींत जाऊन बसतो. आणि सुराबरोबर लयहि तितकीच धांवूं लागते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस मुळांत तीनच मिनिटें मिळत. घाईनें आटोपलेलें गाणें त्यामुळें आणखी घाईचें वाटे.

हें नुसतें यंत्रशास्त्र नव्हे. अब्दुल करीम खांसाहेब मुळांतच उंच पट्टींत गाणारे. त्यांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्यांवर वेगाची दोन-चार फेऱ्यांची चूक झाली, तर त्यांच्या नाजुक आवाजाला केविलवाणेपण येतें आणि ऐकणारा तो दोष गवयाच्या पदरीं बांधतो. बालगंधर्वांची गोष्ट याहून नाजुक. पुरुषाच्या गळ्यांतून स्त्रीभूमिकेचें गाणें काढतांना त्यांनीं जो तोल सांभाळला, तो वेग वाढतांच निव्वळ बायकी होतो आणि कमी होतांच जाडाभरडा. ज्यांनीं त्यांना रंगभूमीवर ऐकलें त्यांना खूण पटण्यास स्वतःचे कान होते. पुढच्या पिढ्यांजवळ फक्त तबकडी उरली, आणि तबकडी आपली गति स्वतः सांगत नाहीं. साथीची पेटी किंवा ऑर्गन कोणत्या पट्टींत वाजत आहे हें घरच्या पेटीवर ताडून पाहतां येतें. परंतु जुन्या पेट्यांची जुळणीहि एकसारखी नसे, तेव्हां ही खूण दिशा दाखविते, निकाल देत नाहीं.

यंत्र विकत घेतांना लोक सामान्यतः आवाजाचा मोठेपणा पाहत. शेजारच्या बिऱ्हाडांपर्यंत गेलें तें यंत्र उत्तम, अशी कसोटी. ती चुकीची होती. अभ्रकाच्या पडद्याच्या साऊंडबॉक्समधील रबरी कडीं कडक झालीं, तरी आवाज मोठाच राहतो. फक्त तो कर्कश होतो आणि ‘स’, ‘श’ हे वर्ण फाटतात. कर्ण्याचें यंत्र, कर्णा पोटांत घेतलेलें कपाटी यंत्र, किंवा प्रवासाला नेतां येणारी एच. एम. व्ही. १०२ सारखी पेटी, यांतलें काय घ्यावें हा जागेचा आणि पैशांचा प्रश्न. खरी परीक्षा लांब सुराची. इंग्रजी नाचाच्या संगीतांत वेगाचें हेलकावणें खपून जातें, कारण तेथें सूर ठरत नाहींत. सनईचा किंवा ऑर्गनचा धरून ठेवलेला षड्ज मात्र लबाडी लगेच उघडी करतो. दुकानांत एखादें चटकदार पद ऐकण्यापेक्षां असा एक लांब सूर ऐकणारा गिऱ्हाईक शहाणा.

सुईचें प्रकरण तर याहून कठीण. जुनी तबकडी लाखेची. तिच्यांत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. ती मुद्दाम, कारण पोलादी सुईचें टोंक पहिल्या कांहीं फेऱ्यांतच घासून चरीच्या आकाराचें व्हावें अशी योजना होती. म्हणून एका बाजूस एक सुई हा नियम. परंतु सुयांची डबी पैसे देऊन आणावी लागे, आणि काटकसर हा मध्यमवर्गाचा धर्म. एकच सुई आठ-दहा बाजूंना वापरली जाई. झिजलेल्या टोंकाला धारदार कडा येतात, आणि शंभर ग्रॅमहून अधिक ओझ्याखालीं त्या कडा चर खरवडून काढतात. सर्वांत आधीं जातात त्या जोरकस ताना आणि वरचे सूर. ज्या जागेसाठीं तबकडी पुन्हां पुन्हां लावली जाई, नेमकी तीच जागा अशी नाहींशी झाली.

बांबूच्या तंतूची तिकोनी सुई यावर तोडगा म्हणून निघाली. ती तबकडीला जपते, आवाज मृदु काढते, आणि टोंक कातरून पुन्हां वापरतां येते. परंतु कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत बांबू दमट होऊन बोथटतो. त्याच दमट हवेनें कागदी पाकिटांना आणि तबकड्यांना बुरशीहि धरते.

वीज आली आणि एक अनपेक्षित सोय झाली. घरचा विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनांचा, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळां मिणमिणतो, मिनिटाला सहा हजार. सत्त्याहत्तर काळ्या रेघांची चकती थाळीवर ठेवून दिव्याखालीं फिरविली आणि रेघा स्थिर दिसल्या, म्हणजे वेग ७७·९२, अर्थात् अठ्ठ्याहत्तर. रेघा पुढें सरकल्या तर थाळी घाईंत आहे, मागें सरकल्या तर रेंगाळत आहे. चिठ्ठी मोजण्याचें काम सरलें. वीजकंपनीच घराघरांतलें घड्याळ झाली.

१९४८ सालीं अमेरिकेंत व्हिनिलची दीर्घवादी तबकडी निघाली. ती मिनिटाला तेहतीस व एक तृतीयांश फेरे घेते आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें देते. तिच्याकरितां चकतीवर १८० रेघा लागतात. ख्यालाला विलंबित होण्यास अखेर जागा मिळाली. परंतु आपल्याकडे लाखेच्या तबकड्या लगेच गेल्या नाहींत. १९७० च्या सुमारापर्यंत दोन्हीं प्रकार एकाच घरांत, एकाच यंत्रावर वाजत राहिले, आणि घोटाळा तेथेंच झाला. लाखेच्या चरीला सुमारें ०·०७५ मिलिमीटर त्रिज्येचें टोंक लागतें, व्हिनिलच्या चरीला ०·०२५ किंवा त्याहूनहि बारीक. यंत्रांत दोन टोंकें असत आणि खिट्टी उलटवून हवें तें पुढें घ्यावयाचें असे. ती उलटविण्यास विसरले, तर बारीक टोंक रुंद चरीच्या तळाशीं घासून नुसती खरखर उठवी, आणि जाड टोंक नाजुक चर कायमची रुंदावून ठेवी. सामान्य घरगुती यंत्राच्या सुईचा भार पांच ते आठ ग्रॅम, चुंबकीय जातीच्या चांगल्या यंत्राचा दोन ग्रॅमच्या आसपास. भार फार कमी केला तरी तबकडी वांचते असें नाहीं. सुई चरींत उसळते आणि तिचे कांठ फोडते.

वेग आणि सुई यांचें महत्त्व ज्यांनीं पुरेपूर ओळखलें, त्यांचें एक उदाहरण मोठें नवलाचें आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या दोन्हीं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि तींत गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तबकडीबरोबर सुईसह वादनाचें साधनहि ठेवलें आहे. वरच्या झांकणावर सुई कोठें टेंकावी याचें चित्र, आणि एका फेऱ्याला ३·६ सेकंद लागावेत हें हायड्रोजनच्या अणूच्या कालमानांत कोरलेलें. दुसरें यान सुटल्यावर पंधरवडाहि उलटला नाहीं तोंच केसरबाई निवर्तल्या. अंतराळांतल्या अनोळखी श्रोत्याला जी माहिती दिली, ती त्यांच्याच जन्मकाळानंतर निघालेल्या असंख्य लाखेच्या तबकड्यांच्या लेबलावर कधीं छापली गेली नाहीं.

१९९० सालीं मुंबईंत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. अशा संग्राहकांच्या कामांतला कठीण भाग गाणें मिळविण्याचा नाहीं. एकाच तबकडीच्या तीन-चार प्रती जमवून कोणत्या घरानें ती कमी खरवडली हें पाहणें आणि तिचा मूळ वेग ठरविणें, यांतच खरें कसब. माळ्यावर सांपडलेली तबकडी स्वच्छ करतांना कित्येकजण स्पिरिट लावतात. पाण्यांत मिसळून तें व्हिनिलला चालतें. लाख मात्र त्यांत विरघळते, आणि सुईनें शिल्लक ठेविलें असेल तें एका फडक्यानें पुसलें जातें. ओल्या मऊ कापडानें, लेबल कोरडें ठेवून पुसणें एवढेंच लाखेला सोसतें.

रेघांची चकती अजूनहि खरें सांगते, मात्र दिवा जुना हवा. नव्या एल. ई. डी. दिव्यांपैकीं पुष्कळसे मिणमिणतच नाहींत, त्यामुळें त्यांच्याखालीं रेघांचा एक करडा पट्टा दिसतो आणि खिट्टी कोणत्या बाजूस फिरवावी तें कळत नाहीं. जुना तारेचा बल्ब असल्यास त्याखालीं त्या अंधुक कां होईना दिसतात. सर्वांत स्पष्ट दिसतात त्या विजेच्या बोर्डावरील निऑनच्या इवल्याशा तांबड्या दिव्यापाशीं. खोलींत अंधार करून फिरती चकती त्याच्याजवळ आणली, कीं सत्त्याहत्तर रेघा जागच्या जागीं उभ्या राहतात.